सुक्या कचऱ्यातील डबे-बाटल्या: मोरीपासून भंगाराच्या काट्यापर्यंत

पुण्यात आमच्या इमारतीचा कचरा घ्यायला रोज सकाळी ज्या मावशी येतात, त्या महापालिकेच्या नोकरीत नाहीत. कचरावेचकांनी उभ्या केलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या त्या सभासद आहेत. ज्यांच्या पाठीशी डॉ. बाबा आढाव उभे राहिले त्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची स्थापना 1993 मध्ये झाली, तिच्यातूनच पुढे ही संस्था निघाली आणि 2008 मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. घराघरांतून दरमहा मिळणारे शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघणारा विकाऊ माल, या दोन्हींवर मावशींचे घर चालते. म्हणजे आपण दाराबाहेर ठेवलेला दह्याचा डबा किंवा शांपूची बाटली ही त्यांच्या दृष्टीने कमाई असते, पण ती विकण्याजोग्या अवस्थेत त्यांच्या हाती पडली तरच. ही अवस्था नेमकी कोणती आणि ती घरच्या घरी कशी साधता येते, हे मी त्यांच्याकडून, भंगाराच्या दुकानातून आणि एका लहान कारखान्यातून शिकत गेले. तो अनुभव इथे लिहीत आहे.

आमच्या रस्त्याच्या टोकाला पत्र्याच्या आडोशाखाली मावशींची माल वेगळा करण्याची जागा आहे. त्यांची परवानगी घेऊन मी काही सकाळी तिथे जाऊन बसले. सुक्या कचऱ्याचे पोते जमिनीवर उलटे केले की आधी वास अंगावर येतो. ओला आणि सुका असे दोन डबे घराघरांत असूनही हा वास येतो, कारण तो डब्या-बाटल्यांच्या आत राहिलेल्या अन्नाचा असतो. तळाशी दोन बोटे दही राहिलेला डबा झाकण लावून दिलेला असतो, आणि तो उघडला की आतले आंबलेले पाणी हातावर येते. फळांच्या रसाची अर्धी बाटली घट्ट बूच लावून दोन दिवस उन्हात राहिली की आत वायू धरतो, आणि बूच फिरवताच ते उडते. मावशींच्या तळहातावर लोणच्याच्या तेलाचा पिवळा थर बसलेला मी पाहिला. तो साध्या पाण्याने जात नाही, आणि त्याच हाताने त्यांना दुपारची भाकरी खायची असते. पावसाळ्यात उघड्या डब्यांत पाणी साचले तर डेंगीचे डास त्यात अंडी घालतात. त्यामुळे न धुतलेला डबा म्हणजे केवळ अस्वच्छता नव्हे, तो दुसऱ्याच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

मी विचारले की सगळ्यांत जास्त नुकसान कशाने होते, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले: “ओल्यानं. ताई, घाण एकवेळ पुसून काढता येती, पण ओला माल दुकानदार घेताना वजनात घट धरतो, आणि पोत्यात एक ओलं असलं की बाकीच्या सगळ्याला वास लागतो.” त्या बोलत असतानाच हात चालू होते. बाजूला पोती मांडलेली होती आणि प्रत्येकात माल ठरलेला होता. पाण्याच्या आणि सरबताच्या पारदर्शक बाटल्या एका पोत्यात, त्यांना सगळेच ‘बिसलेरी’ म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो. शांपू, फिनेल, तेलाचे कॅन अशा हवा भरून फुगवून बनवलेल्या जाड बाटल्या दुसऱ्यात, तो ‘फुगा’. दुधाच्या पिशव्या तिसऱ्यात. चिरडताच कडकन मोडणारे प्लास्टिक, म्हणजे ‘कडक’, आणखी एका पोत्यात. उरलेला काळा आणि मिसळीचा माल शेवटच्या पोत्यात, ज्याला भाव सर्वांत कमी. एखादी वस्तू कोणत्या पोत्याची हे त्या अंगठ्याने दाबून, नखाने वाजवून, कधी नुसत्या स्पर्शाने ओळखत होत्या. भाव रोज बदलतो, पण वेगवेगळा केलेला माल आणि मिसळीचा माल यांच्या भावातला फरक कायम राहतो.

घरी परत आल्यावर मी सुरुवात केली ती आमच्याच स्वयंपाकघरातल्या डब्यांची जात ओळखण्यापासून. डब्याच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात जो आकडा असतो, ती पद्धत 1988 मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केली आणि नंतर जगभर पसरली. आकडा आहे म्हणजे वस्तू रिसायकल होणारच, असा त्याचा अर्थ नाही. तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो. 1 म्हणजे पेट, पाण्याच्या बाटल्यांचे आणि लोणच्याच्या बहुतेक पारदर्शक बरण्यांचे. 2 म्हणजे एचडीपीई, म्हणजेच आपला फुगा. 3 म्हणजे पीव्हीसी, 4 म्हणजे एलडीपीई, दुधाच्या पिशव्यांसारखे मऊ. 5 म्हणजे पीपी, ज्यात श्रीखंडाचे, आईस्क्रीमचे आणि हॉटेलातल्या भाजीचे डबे येतात. 6 म्हणजे पॉलिस्टायरीन, ज्याचे फुगवलेले रूप म्हणजे थर्माकोल, आणि 7 मध्ये बाकी सगळे.

आकडा नेहमी सापडत नाही. झाकणांवर तर तो क्वचितच असतो. अशा वेळी मला उपयोगी पडली ती बादलीभर पाण्याची परीक्षा. झाकणाचा नखाएवढा तुकडा कात्रीने कापायचा, बोटावर साबणाचा थेंब घेऊन त्यावर चोळायचा म्हणजे हवेचे बुडबुडे चिकटून राहत नाहीत, आणि तो पाण्याखाली नेऊन सोडायचा. पीपी आणि पॉलिथिन (म्हणजे एचडीपीई आणि एलडीपीई) पाण्याहून हलके असल्याने वर येतात. पेट, पीव्हीसी आणि न फुगवलेले पॉलिस्टायरीन तळाला जातात. पाण्याच्या बाटलीचा तुकडा आणि तिच्याच बुचाचा तुकडा एकाच वेळी सोडला तेव्हा बाटलीचा तुकडा गिरक्या घेत तळाला बसला आणि बुचाचा निळा तुकडा पृष्ठभागावर राहिला. बुडालेल्या तुकड्यांतून पॉलिस्टायरीन वेगळे काढायचे असेल तर वाटीभर पाण्यात मीठ विरघळणे थांबेपर्यंत मीठ घालावे. पॉलिस्टायरीन त्या दाट पाण्यावर तरंगते, पेट आणि पीव्हीसी तरीही खाली राहतात. कारखान्यातल्या हौदातही याच तत्त्वावर बाटलीचे आणि बुचाचे तुकडे वेगळे होतात. भंगाराच्या धंद्यात तुकडा जाळून वासावरूनही जात ओळखतात, पण घरात तो प्रयोग कोणीही करू नये. पीव्हीसी जळताना निघणारा धूर आम्लाचा असतो.

धुण्याबाबत माझे मत असे झाले आहे की धुणे थोडे हवे, पण वेळेवर हवे. डबा रिकामा झाल्या क्षणी विसळला तर वाटीभर पाणी पुरते. तोच डबा दोन दिवस पडून राहिला तर बादलीभर पाणी घालूनही वास जात नाही. पुण्यात उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, त्यामुळे कचऱ्यात जाणाऱ्या डब्यासाठी नळाखालचे स्वच्छ पाणी वापरणे मला पटत नाही. भांडी खळबळून झाल्यावर घमेल्यात जे शेवटचे, फारसे खरकटे नसलेले पाणी उरते, त्यातच मी हे डबे विसळते. श्रीखंडाचा किंवा दह्याचा डबा आधी रबरी उलथन्याने पुसून घेते, कारण जे पुसून निघते ते पाण्याने काढायची गरज नसते. दह्याच्या डब्यातले पहिले पाणी कढीत किंवा कढीलिंबाच्या कुंडीत जाते. हळदीचा पिवळा डाग राहिला तर तो घासत बसू नये. डागाने भाव जात नाही, तेलाने आणि अन्नाने जातो. कागदी लेबलही खरवडत बसण्याची आवश्यकता नाही, ते कारखान्यातल्या गरम धुलाईत निघते. रिसायकलिंगसाठी डबा परत जेवणासाठी वापरता येईल इतका चकचकीत करायचा असतो, असा समज करून घेऊन अनेकजण हे काम सुरू होण्याआधीच सोडून देतात, याचे मला वाईट वाटते.

खरी मेहनत तेलाच्या कॅनची आणि लोणच्याच्या बरणीची. आमच्याकडे येणारा पाच लिटरचा कॅन एचडीपीईचा, म्हणजे चांगल्या भावाच्या फुग्याचा असतो, पण आतल्या तेलामुळे त्याला धूळ चिकटते आणि तो पोत्यातल्या बाकीच्या मालालाही तेलकट करतो. मी तो रिकामा झाल्यावर रात्रभर वाटीवर उपडा ठेवते. जे चमचाभर तेल निथळते ते निरांजनाला कामी येते. मग त्यात मूठभर गव्हाचा कोंडा, चाळणीत राहिलेला, टाकून बूच लावते आणि कॅन आडवा-उभा हलवते. कोंडा तेल शोषून गोळे होऊन बाहेर पडतो आणि ओल्या कचऱ्यात जातो. त्यानंतर कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून एकदाच खळखळवले की आतला बुळबुळीतपणा जातो. लोणच्याच्या बरणीलाही हेच, फक्त पाणी गरम नको. पेट साधारण सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, आणि उकळते पाणी ओतले तर बरणी हातातच आकसून वेडीवाकडी होते. मग तिच्या सुरकुत्यांत अडकलेला मसाला काढणे अशक्य होऊन बसते. पीपीच्या आणि एचडीपीईच्या डब्यांना गरम पाणी चालते.

संडास स्वच्छ करण्याच्या आम्लाच्या बाटल्यांबद्दल मात्र मी फार काटेकोर आहे. त्या संपल्या की थोडे-थोडे पाणी घेऊन तीनदा विसळते आणि ते पाणी संडासातच ओतते. त्याच वेळी जवळ ब्लीचिंगचे द्रावण किंवा तशी दुसरी बाटली विसळायची नाही, कारण आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. झुरळांची, ढेकणांची औषधे, रंगाचे आणि टर्पेंटाइनचे डबे यांना मी या सगळ्यातून पूर्ण बाहेर ठेवते. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांत अशा वस्तूंची घरगुती घातक कचरा अशी निराळी वर्गवारी होती. त्या धुवून मोरीत विष सोडण्यापेक्षा बूच घट्ट लावून, निराळ्या पिशवीत, मावशींना सांगून देणे योग्य. नाहीतर चांगल्या फुग्याच्या आकाराने फसून त्यांचा हात आत जाण्याची शक्यता असते.

धुतल्यावर वाळवणे, आणि इथेच बहुतेक घरांत काम अर्धवट राहते. अरुंद तोंडाची बाटली आतून वाळायला आश्चर्य वाटावे इतका वेळ घेते. ती सरळ उभी ठेवली तर तळाशी पाणी राहते, आणि जमिनीवर पूर्ण उपडी ठेवली तर तोंड बंद झाल्याने आतली वाफ बाहेर पडत नाही. आमच्या बाल्कनीच्या गजांना मी सुतळीचे फास बांधले आहेत, त्यांत बाटल्या मान खाली करून टांगते, म्हणजे पाणीही निथळते आणि वाराही खेळतो. दुधाच्या पिशव्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने लावते. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये, एवढे मला इथे आवर्जून सांगायचे आहे. तो इवलासा त्रिकोण गटारात किंवा मातीत जातो आणि कोणाच्याही हाती लागत नाही. कात्रीने चीर द्यावी आणि तुकडा पिशवीलाच लोंबता ठेवावा.

आषाढ-श्रावणात हे सगळे अवघड होते. कपडेच वाळत नाहीत तिथे बाटल्या कुठून वाळणार? त्या दिवसांत मी डबे आधी जुन्या सुती फडक्याने पुसते, अरुंद बाटल्यांत वर्तमानपत्राची सैल सुरळी घालून रात्रभर ठेवते आणि सकाळी ती ओढून काढते. तरीही ज्या बाटल्या ओलसर वाटतील त्या पुढच्या आठवड्यासाठी मागे ठेवते. माल एक आठवडा उशिरा गेला तर कोणाचे काही बिघडत नाही. ओला गेला तर बिघडते.

वाळल्यानंतर एका वस्तूत लपलेल्या दुसऱ्या वस्तू काढायच्या, आणि मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते या टप्प्यात. हात धुण्याच्या द्रव साबणाचा पंप मी पक्कड घेऊन एकदा पूर्ण उलगडला. आतून पोलादी स्प्रिंग निघाली, एक बारीक गोळी निघाली, लांब नळी आणि निराळ्या प्लास्टिकचे दट्ट्याचे भाग निघाले. बाटली एका जातीची आणि तिच्या डोक्यावर चार जातींचा गुंता. त्यामुळे पंप नेहमी वेगळा काढून द्यावा. सॉसच्या दाबायच्या बाटलीच्या बुचात रबरासारखा एक पडदा असतो, तो सिलिकॉनचा. तो नखाने उचकटून निघतो. नव्या डब्याच्या तोंडावरचे चंदेरी सील अर्धवट फाडून सोडले जाते आणि कडेला त्याची किनार चिकटून राहते. ती अ‍ॅल्युमिनियमची असते, ती पूर्ण ओढून काढावी.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे बाटलीला मानेपासून बुडापर्यंत घट्ट बसवलेले रंगीत आवरण. ते कागदी लेबलासारखे निरुपद्रवी नसते. ते अनेकदा पीव्हीसीचे असते, आणि पीव्हीसी पेटसारखेच पाण्यात बुडत असल्याने हौदातही वेगळे होत नाही. पेट सुमारे 250 अंशांच्या पुढे वितळते; त्या तापमानाला आत राहिलेले पीव्हीसी करपते, त्यातून आम्ल सुटते आणि सगळा माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात. म्हणून त्या आवरणावर दिलेल्या छिद्रांच्या ओळीवरून, आणि ती नसेल तर कात्रीने, ते फाडून काढते. खरे तर हे काम माझे किंवा मावशींचे असायला नको. वेष्टनाची जबाबदारी उत्पादकाची, हे तत्त्व केंद्र सरकारच्या 16 फेब्रुवारी 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तपशीलवार मांडले आहे. बाटली आणि आवरण परस्परांना मारक असणार नाही अशी रचना करणे उत्पादकाच्याच हातात आहे, आणि ग्राहक म्हणून ते मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे असे मी मानते.

हे सारे खटाटोप कशासाठी, याचे उत्तर मला शहराबाहेरच्या एका लहान कारखान्यात मिळाले. भंगाराच्या दुकानदाराच्या ओळखीने तिथे जाता आले. तिथे फुग्याच्या बाटल्यांचा ‘दाणा’ बनवतात. बाटल्या आधी पुन्हा एकदा हाताने निवडल्या जातात; कामगार बायका मानेभोवतीची कडी आणि धातूचे काहीही असेल ते काढतात. मग ग्राइंडरमध्ये तुकडे होतात, ते हौदात धुतले जातात, वाळवले जातात आणि गरम नळकांड्यातून पुढे ढकलले जातात. वितळलेले प्लास्टिक बाहेर पडण्यापूर्वी तारेच्या बारीक जाळीतून गाळले जाते. कारागिराने माझ्यासमोर ती जाळी बदलली. काढलेली जाळी चिमट्यात धरून त्याने दाखवली, तेव्हा तिच्यावर कागदाचा जळका लगदा, चमकणारे अ‍ॅल्युमिनियमचे कण आणि न वितळलेल्या परक्या प्लास्टिकच्या गाठी अशा दाटून बसल्या होत्या की तारा दिसत नव्हत्या. जाळी तुंबली की यंत्र थांबवावे लागते, वीज आणि वेळ जातो, आणि जितका माल घाणेरडा तितकी जाळी लवकर तुंबते. तिथून पुढे प्लास्टिक जाड धाग्यांच्या रूपाने पाण्याच्या पन्हळीतून ओढले जाऊन थंड होते आणि त्याचे दाणे कापले जातात. त्या दाण्यांचे पाइप, बादल्या, घमेली होतात. पेटच्या बाटल्यांचा रस्ता निराळा; आपल्या देशात त्यांचा मोठा भाग पॉलिस्टर धाग्यात जातो. कारखान्याचा मालक म्हणाला, “माल धुऊन आम्ही घेऊच, पण वास एकदा प्लास्टिकमध्ये मुरला की दाण्यालाही येतो, मग त्याची बादली कोण घेणार?” दुकानदार भाव का पाडतो, हे मला तिथे स्वच्छ समजले. मावशींच्या पोत्याला मिळणारी रक्कम त्या जाळीपासून उलटी मोजत येते.

सगळे डबे-बाटल्या तयार झाल्यावर त्या कशा द्याव्यात, यातही थोडे तारतम्य लागते. वाळलेली पाण्याची बाटली मी पायाने चपटी करून मगच बूच लावते. बूच लावल्याने ती पुन्हा फुगत नाही, एका पोत्यात जास्त माल मावतो आणि सुटी बुचे हरवतही नाहीत. फुगा चपटा करण्याच्या भानगडीत पडू नये, तो जाड असतो आणि मावशींना तो पूर्ण आकारात ओळखणे सोपे जाते. जागा वाचवण्यासाठी एका डब्यात दुसरा डबा कोंबून, वर झाकण लावून देऊ नये. आतला डबा निराळ्या जातीचा असेल तर तो बाहेर काढण्यासाठी त्यांना प्रत्येक झाकण उघडून पाहावे लागते, आणि घाईत राहून गेला तर तो सरळ ग्राइंडरपर्यंत जातो.

याच कारणासाठी बाटलीत वेफर्सची पाकिटे आणि चॉकलेटचे कागद ठासून भरण्याच्या उपक्रमाला माझा विरोध आहे. शाळांतून आणि सोसायट्यांतून हे मोठ्या उत्साहाने केले जाते आणि त्यामागचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु घरातल्या सगळ्या प्लास्टिकमध्ये सहज विकली जाणारी वस्तू म्हणजे पेटची स्वच्छ बाटली, आणि ज्याला भंगारात गिऱ्हाईक नाही ते बहुपदरी पाकीट तिच्यात ठासले की ती बाटलीही कायमची बाद होते. पाकिटे निराळी, कोरडी, एका पिशवीत द्यावीत. बाटलीला बाटली राहू द्यावी.

हॉटेलातून येणाऱ्या डब्यांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पांढरे किंवा पारदर्शक पीपीचे डबे धुवून, एकात एक रचून (सारख्या जातीचे असल्याने ते चालते), झाकणे वेगळी करून दिले की घेतले जातात. काळे डबे मात्र काळ्या मालात पडतात, कारण काळ्याचे दुसऱ्या कोणत्याही रंगात रूपांतर होत नाही. जिथे यंत्राने वर्गवारी होते तिथे तर काजळीच्या काळ्या रंगामुळे प्रकाशकिरणांनी जात ओळखणाऱ्या यंत्रालाही ते डबे दिसत नाहीत. थर्माकोलच्या वाट्या-ताटल्यांचे काहीच होत नाही: वजन नाही, आकार मोठा, आणि त्यात तेल मुरलेले. महाराष्ट्रात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून अशा एकदा वापरून टाकायच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे, तरी त्या दारी येत राहतात. त्यांची तयारी करण्यात पाणी घालवू नये, त्या घ्यायच्याच नाहीत. आमच्या कोपऱ्यावरच्या खाणावळीत आता मी स्टीलचा डबा घेऊन जाते आणि तिथल्या काकांनी त्याला एकदाही नाही म्हटलेले नाही.

इमारतीत हे रुजवणे हे निराळेच काम होते. सूचना फलकावर लावलेला कागद कोणी वाचला नाही. मग शेजारच्या वहिनींना आणि वरच्या मजल्यावरच्या आजींना मी मावशींच्या पोत्यांपाशीच घेऊन गेले, आणि त्यानंतर मला फार बोलावे लागले नाही. आजींनी तर स्वतःहून दुधाच्या पिशव्या वाळवून, दहा-दहाच्या घड्या करून, सुतळीने बांधून द्यायला सुरुवात केली. आता जिन्याखाली तीन पोती टांगलेली असतात: बाटल्या, फुगा आणि पिशव्या. पीपीचे डबे वर दोरीला ओवून ठेवतो. नवे भाडेकरू आले की कोणीतरी त्यांना जिन्याखाली नेऊन दाखवते, आणि पहिल्या महिन्यात त्यांचा माल मावशी थोडा बारकाईने पाहतात. काही घरे अजून सगळे एकाच पिशवीत देतात. त्यांच्या पिशव्या मावशी वेगळ्या उलटतात, म्हणजे बाकीच्या कोरड्या मालाला धक्का लागत नाही.

सध्या आम्ही टूथपेस्टच्या नळ्यांशी अडलो आहोत. अनेक नळ्यांत प्लास्टिकच्या दोन पदरांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असतो. पोट कापून पाहिले तर तो चकाकताना दिसतो, आणि तो असला की आमच्या दुकानदाराला माल नको असतो. ज्या नळ्या आतून पांढऱ्या, एकाच थराच्या दिसतात, त्या मी कापून, धुवून, वाळवून वेगळ्या साठवल्या आहेत. पुढच्या खेपेला मावशी त्या फुग्याच्या पोत्याबरोबर दुकानात नेऊन दाखवणार आहेत. दुकानदाराने घेतल्या तर जिन्याखाली चौथे पोते लागेल.